गादीनंतरचे कारंजा

वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) येथे दिगंबर जैनांची तीन जुनी मंदिरे आहेत : बलात्कारगणाचे, सेनगणाचे आणि काष्ठासंघाचे. बलात्कारगण हे मुनिसंघाच्या एका शाखेचे जुने नाव आहे, ते आजच्या अर्थाने वाचायचे नाही. या मंदिरांच्या आश्रयाने येथे भट्टारकांच्या गाद्या अनेक पिढ्या चालल्या. गुरूमागून शिष्याचा पट्टाभिषेक होई, आणि वऱ्हाडातल्या गावोगावचे श्रावक, म्हणजे गृहस्थ जैन, आपापल्या गणाची गादी मानत. आज गादीवर कोणी नाही. तरीही कारंज्याचे नाव जैन विद्येच्या इतिहासात जेवढे ठळक आहे, तेवढे ते गादीच्या भरभराटीच्या काळातही क्वचितच असेल. स्थानिक धर्मसंस्था कशामुळे जगते, हा प्रश्न या विसंगतीतून उभा राहतो. ती तिच्या प्रमुखामुळे जगते, नियमांमुळे जगते की तिच्या विद्येमुळे?

भट्टारक म्हणजे पूर्ण अर्थाने मुनीही नव्हे आणि गृहस्थही नव्हे. दिगंबर परंपरेत मुनीने वस्त्रासह सर्व परिग्रह सोडायचा असतो, चातुर्मास वगळता एका जागी राहायचे नसते. मध्ययुगात असे मुनी विरळ झाले आणि मठात राहणारे, वस्त्र धारण करणारे भट्टारक पुढे आले. दीक्षेच्या वेळी क्षणभर नग्न होऊन नंतर वस्त्र स्वीकारण्याची रीत त्यांच्यात होती. मूळ आदर्श अमान्य नाही, पण काळ त्याला अनुकूल नाही, अशी कबुलीच त्या रीतीत होती. मुनीची पिच्छी (मोरपिसांचा कुंचा) व कमंडलू त्यांच्या हाती असे आणि शिवाय पालखी, छत्र, चामर हा राजेशाही थाटही असे. मूर्तींची प्रतिष्ठा करणे, यात्रासंघ नेणे, शिष्यांना शिकवणे, जातीचे तंटे मिटवणे, दरबारी समाजाची बाजू मांडणे ही सारी कामे त्यांची. जुन्या मराठीतील जैन ग्रंथरचनेलाही अशाच गाद्यांचा आश्रय मिळाला. विद्याधर जोहरापूरकर यांनी ‘भट्टारक संप्रदाय’ या १९५८ साली सोलापूरहून प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मूर्तिलेख आणि पोथ्यांच्या प्रशस्ती गोळा करून या परंपरांची साखळी जुळवली. कारंज्याच्या शाखा त्यात सविस्तर आहेत.

भट्टारकांवर टीका जुनीच आहे. सतराव्या शतकात आग्र्याच्या बनारसीदासांभोवतीच्या अध्यात्म मंडळींनी आणि पुढे तेरापंथी श्रावकांनी त्यांचा अधिकार नाकारला. उत्तरेतल्या गाद्या त्यानंतर हळूहळू ओसरल्या. परिग्रह बाळगणारा गुरू चालतो का, हा टीकाकारांचा प्रश्न तत्त्वाला धरून होता. पण टीका करणाऱ्यांनीही वाचल्या त्या पोथ्या बहुतांशी भट्टारकांच्या भांडारांतून आलेल्या होत्या, हे विसरून चालत नाही. धर्मशास्त्र या बाबतीत पुरेसे स्पष्ट आहे. ‘रत्नकरंड श्रावकाचार’ या समंतभद्र आचार्यांच्या ग्रंथाची भूमिका अशी की, धर्म आचरणारी माणसे नसतील तर धर्म वेगळा कुठे राहत नाही. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत स्थितिकरण आणि प्रभावना ही दोन अंगे आहेत : डळमळलेल्याला पुन्हा मार्गावर स्थिर करणे आणि अज्ञान दूर करून धर्माचा प्रभाव वाढवणे. मोडकळीस आलेली संस्था उभी करणे हे या दृष्टीने व्यवहाराचे काम नसून दर्शनाचाच भाग ठरते. मात्र ते कोणी करायचे हे शास्त्र एका पदाला बांधून देत नाही. मुनी, आर्यिका, श्रावक, श्राविका या चतुर्विध संघात भट्टारक नावाचा पाचवा घटक नाही.

कारंज्याच्या गाद्या संपल्या त्या श्रद्धा आटली म्हणून नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाडात कापसाचा पैसा होता, मंदिरांना देणग्या होत्या, बघेरवाल आणि सैतवाल समाज धर्मनिष्ठ होते. बदलले ते समाजाचे काम चालवण्याचे मार्ग. १८९५ साली भारतवर्षीय दिगंबर जैन महासभा आणि १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली. अधिवेशन, ठराव, निवडलेला अध्यक्ष, छापलेला अहवाल ही नवी रीत आली. तंटा कोर्टात जाऊ लागला, मुलगा इंग्रजी शाळेत जाऊ लागला, ग्रंथ छापून मिळू लागला. मग १९२० साली मुनिदीक्षा घेतलेल्या आचार्य शांतिसागरांनी नग्न मुनींचा विहार पुन्हा सर्वत्र सुरू केला आणि मूळ आदर्श डोळ्यांसमोर चालता-बोलता दिसू लागला. ‘काळ अनुकूल नाही’ या भट्टारकपदाच्या आधारालाच त्यामुळे धक्का बसला. सेनगणाच्या गादीवरील वीरसेन हे कारंज्याचे शेवटचे नावाजलेले भट्टारक, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले. त्यांच्या विद्वत्तेबद्दल आदर होता, पण एका माणसाचा आदर गादीला पुढचा माणूस मिळवून देत नाही.

विद्या, अधिकार, पैसा आणि संस्कार या चारही गोष्टी एका पदात साठवण्यात दोष होता. पद भरलेले असेपर्यंत असा साठा सोयीचा असतो, पण योग्य शिष्य एका पिढीत मिळाला नाही की चारही एकदम उघड्यावर पडतात. शिवाय शिष्य निवडणारा एकटा गुरू, आणि त्याची निवड चुकली तर दुरुस्तीचा मार्ग नाही. कोल्हापूर, नांदणी, श्रवणबेळगोळ, मूडबिद्री येथील गाद्या मात्र आजही चालू आहेत. म्हणजे पद मुळातच टाकाऊ होते असे म्हणता येत नाही. दक्षिणेत त्याभोवती तीर्थ, शेती आणि दाट जैन वस्ती होती. वऱ्हाडात श्रावक विखुरलेले होते आणि तेथे सारा भार एका माणसावर पडला.

नेतृत्वाचा अगदी उलटा नमुना त्याच काळात मुंबईत होता, तो फ्रीमेसन या बंधुसंघाच्या लॉजमध्ये, म्हणजे स्थानिक शाखेत. १८४३ साली जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज हिंदी लोकांसाठी उघडले. माणेकजी खरशेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईच्या युरोपियन लॉजने आधी दार उघडले नव्हते आणि त्यांनी फ्रान्समध्ये दीक्षा घेतली होती. नव्या लॉजच्या पाठीशी ही हकिकत होती. १९६१ साली स्वतंत्र ‘ग्रँड लॉज ऑफ इंडिया’ झाले. लॉजचा प्रमुख, ज्याला मास्टर म्हणतात, साधारणपणे एका वर्षासाठी निवडला जातो. खालच्या पदांवरून पायरीपायरीने वर आलेला माणूसच त्या खुर्चीवर बसतो, आणि खुर्ची सोडलेले जुने मास्टर बाजूला बसून विधी चुकू देत नाहीत. त्यामुळे प्रमुख गेला म्हणून लॉज बंद पडत नाही. पण सभासद येईनासे झाले, विधी पाठ असून त्याचा अर्थ सांगणारा कोणी उरला नाही, तर ही सुबक व्यवस्थाही पोकळ होते. जगभरची अनेक लॉजे अशीच मिटली.   नियमांनी चालणारी संस्था पद टिकवते. पदावरच्या माणसाजवळ सांगण्यासारखे काय आहे, ते नियम पुरवू शकत नाहीत.

सांगण्यासारखे काय आहे याचे कारंज्याचे उत्तर मंदिरांच्या भांडारांत होते. व्रताच्या उद्यापनाला पोथी लिहवून मुनीला किंवा मंदिराला देणे म्हणजे शास्त्रदान, आणि चार दानांत त्याची गणना. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अशा दानातून येथे संस्कृत, प्राकृत, अपभ्रंश पोथ्यांचा मोठा संग्रह जमला. पूजेच्या दिवशी पोथ्यांना गंध-अक्षता मिळत, वाचक मात्र कमी होत चालले होते. १९२६ साली नागपूरहून रायबहादूर हिरालाल यांची मध्यप्रांत-वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध झाली आणि कारंज्याच्या भांडारांत काय आहे हे अभ्यासकांना कळले. त्यात अपभ्रंश काव्ये होती. मराठी, गुजराती, हिंदी यांच्या पूर्वावस्थेचा हा पुरावा तोवर फारच थोडा उपलब्ध होता.

अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणारे हिरालाल जैन (सूचीकार रायबहादूर हिरालाल वेगळे) आणि पुण्याचे परशुराम लक्ष्मण वैद्य या दोघांनी त्या पोथ्या हाती घेतल्या. राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात दहाव्या शतकात राहिलेल्या पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ वैद्यांनी १९३१ साली संपादित केले; त्याचेच ‘णायकुमारचरिउ’ हिरालाल जैनांनी १९३३ साली. ‘सावयधम्मदोहा’, ‘पाहुडदोहा’, ‘करकंडचरिउ’ ही पुस्तके त्याच काही वर्षांत आली. अंबादास चवरे यांच्या नावाची ग्रंथमाला आणि देवेंद्रकीर्ती या भट्टारकांच्या नावाची ग्रंथमाला अशा दोन मालांतून ही प्रकाशने झाली. गादीचे नाव पालखीवरून ग्रंथाच्या मुखपृष्ठावर आले, आणि तेथे ते अधिक सुरक्षित राहिले. श्रावकांनी दाखवलेले शहाणपण येथे नोंदवले पाहिजे. भांडार कुलूपबंद ठेवणे ही त्या काळची सर्वसाधारण वृत्ती होती. मूडबिद्रीला ‘धवला’ टीकेच्या ताडपत्रांवर कित्येक शतके असाच पहारा होता आणि प्रत बाहेर पडली ती आडवाटेने. कारंज्याने आपल्या पोथ्या अभ्यासकांच्या हाती दिल्या.

‘धवला’च्या प्रकाशनातही कारंज्याचा वाटा आहे. षट्खंडागमावरील ही वीरसेनाचार्यांची नवव्या शतकातील टीका १९३९ पासून अमरावतीहून हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली छापली जाऊ लागली आणि सोळा खंडांत पूर्ण झाली. पाठ ठरवण्यासाठी ज्या प्रती वापरल्या गेल्या, त्यांत एक कारंज्याच्या महावीर ब्रह्मचर्याश्रमाची होती. सेनगणाच्या गादीवरचे शेवटचे नावाजलेले भट्टारक आणि हे टीकाकार यांचे नाव एकच असावे, हा निव्वळ योगायोग.

महावीर ब्रह्मचर्याश्रम १९१८ साली निघाला. त्याचे संस्थापक देवचंद शहा १८९१ साली जन्मले, सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्याचे. तरुणपणी ते जयपूरला अर्जुनलाल सेठी यांच्या विद्यालयात काही काळ होते. देशसेवा आणि धर्मशिक्षण एकत्र चालवण्याचा तेथला प्रयोग त्यांनी जवळून पाहिला. शाळेचा सरकारी अभ्यासक्रम आणि त्याच्या जोडीला पूजा, स्वाध्याय, व्यायाम व सामूहिक राहणी अशी घडण त्यांनी कारंज्यात बसवली. त्यांनी भट्टारक होण्याचा मार्ग घेतला नाही. पुढे त्यांनी मुनिदीक्षा घेतली आणि समंतभद्र हे नाव धारण केले, ज्यांच्या ग्रंथात स्थितिकरण सांगितले आहे त्याच आचार्यांचे. १९३४ साली कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोजजवळ बाहुबली येथे गुरुकुल निघाले आणि पुढे अशाच संस्था इतरत्रही उभ्या राहिल्या.

गुरुकुलाचे खरे वेगळेपण उत्तराधिकारात आहे. गादीला एक शिष्य पुरेसा असतो, म्हणून ती एकच शोधते. गुरुकुलातून दरवर्षी मुले बाहेर पडतात. त्यांतली बरीचशी व्यापारात, नोकरीत जातात आणि काही परत येऊन शिकवतात. संस्थापक दूर गेला, नव्हे मुनी होऊन कायमचा विहाराला निघाला, तरी काम चालू राहते. जो परिग्रह सोडणार आहे, त्याने संस्थेवरचा हक्कही सोडावा लागतो. समंतभद्रांच्या बाबतीत धर्माचा नियम आणि व्यवस्थापनाचे शहाणपण एकाच दिशेला गेले. भट्टारकाला हे शक्य नव्हते, कारण तोच संस्था होता. या पद्धतीची मर्यादाही आहे. गुरुकुल विद्यार्थी घडवते, प्रकांड पंडित क्वचितच. पोथीतील प्राकृत वाचणारा माणूस परीक्षेच्या अभ्यासक्रमातून तयार होत नाही, आणि कारंज्याच्या भांडारांना पहिल्या पिढीच्या तोडीचे संपादक पुढे लाभले नाहीत.

याच जिल्ह्यात मालेगाव तालुक्यातील शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिर आहे. तेथे श्रद्धाही होती, पैसाही होता आणि व्यवस्थापनाचे नियमही होते. दिगंबर आणि श्वेतांबर यांच्यात पूजेच्या वेळांविषयी १९०५ साली करार झाला, पण मूर्तीला लेप आणि अलंकार असावेत की नसावेत यावरून तंटा वाढत गेला. प्रकरण १९२९ साली थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचले. १९८१ साली मंदिराला कुलूप लागले, ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ साली उघडले. भाविक इतकी वर्षे बाहेरूनच दर्शन घेत होते. दोन्ही पंथांचे दावे येथे तोलायचे नाहीत. एवढेच नोंदवायचे की जुना अधिकार गेल्यावर जी जागा मोकळी होते, ती कारंज्यात शाळेने आणि छापखान्याने भरली, शिरपुरात वकिलांनी.

कारंज्याची गादी पुन्हा बसवण्याची आज गरज दिसत नाही. तिची कामे शाळा, विश्वस्त मंडळ आणि विहार करणारे मुनी यांच्यात वाटली गेली आहेत, आणि ती वाटणीच अधिक टिकाऊ ठरली. एक काम मात्र अजून कोणाच्याच वाट्याला पुरते आलेले नाही, ते भांडारातल्या उरलेल्या पोथ्या वाचण्याचे. त्यासाठी गादी किंवा अध्यक्ष लागत नाही, प्राकृत आणि अपभ्रंश शिकलेली चार माणसे लागतात.