पाहणारा आणि राहणारा

निसर्गशोभेचा आस्वाद घेण्यास निघालेल्या मनुष्यास ती शोभा लोपल्याचें दुःख करण्याचा अधिकार कितपत आहे, हा प्रश्न एका दिवसाच्या एकाकी भटकंतींत मजपुढें उभा राहिला.

पनवेलजवळच्या कोन गांवीं मुक्काम असतांना एके दिवशीं पहांटे निघून मी उरणास गेलों व तेथून पुढें दिवसभर पायींच हिंडलों. उरण हें मूळचें बेट. त्यास करंजा बेट असेंही म्हणत. दोन डोंगर, मध्यें भातशेती, आणि मुख्य भूमीच्या बाजूस खाडी व मिठागरें, अशी त्याची पूर्वींची रचना. आतां भराव व रस्ते यांमुळें बेटपण नांवालाच उरलें आहे. २०२४ पासून आगगाडीही तेथवर जाते.

पीरवाडीच्या किनाऱ्यावर बसलों. समोर समुद्र, पाठीशीं तेल व नैसर्गिक वायू महामंडळाचा अवाढव्य प्रकल्प. काय होतें आणि काय झालें, असा खेद मनांत उठतो तोंच जाळें सांधीत बसलेल्या एका वृद्धानें विचारलें, "सायेब, जागेचं काम हाय का?" 'नाहीं, सहज हिंडतों आहे,' या माझ्या उत्तरावर त्याचा विश्वास बसलेला दिसला नाहीं.

प्रथम मला हंसूं आलें. मग वाटलें, त्याचा संशय अगदींच निराधार नव्हे. मुंबई हाय येथें १९७४ सालीं तेल सांपडलें. तेथील तेल व वायू समुद्रतळाच्या नळांतून याच प्रकल्पांत येतात, आणि स्वयंपाकाचा वायूही येथें वेगळा काढला जातो. मी जमीन घेण्यास आलों नव्हतों हें खरें; पण जमीन घेऊन जें उभें राहिलें त्याचीं फळें चाखणाऱ्यांत मी होतोंच.

याच तालुक्यांत जानेवारी १९८४ मध्यें, नवी मुंबईसाठीं संपादिलेल्या जमिनींच्या योग्य मोबदल्याकरितां दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकरी उठले. गोळीबारांत ५ जण बळी पडले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचें तत्त्व त्या लढ्यांतून पुढें आलें. त्यांचा आग्रह देखाव्यासाठीं नव्हता, न्याय्य वांट्यासाठीं होता.

म्हणून सौंदर्याची हळहळ खोटी ठरते, असें नव्हे. परंतु पाहणाऱ्याचें दुःख संध्याकाळच्या गाडीबरोबर परत जातें. राहणाऱ्याचें तेथेंच राहतें. स्वतःस ऋणकऱ्यांत मोजल्यावांचून केलेला शोक हा उपभोगाचाच एक सोज्ज्वळ प्रकार होय. तो वृद्ध मला ओळखण्यांत फारसा चुकला नव्हता.