बोटाची किंमत

सन १९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याला एक परिशिष्ट जोडलेलें होतें. पुढें सुधारलेल्या त्या कोष्टकाप्रमाणें आंगठा गेला तर कामगाराची मिळकतीची शक्ति शेंकडा ३० नें घटली असें धरावयाचें, सबंध तर्जनी गेली तर १४ नें, करंगळी गेली तर ७ नें. सन २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेंही असें कोष्टक ठेविलें आहे. हें खाटकाच्या दुकानांतील दरपत्रकच होय, असें कोणी हळवा मनुष्य म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. कायदा बोटाची किंमत करीत नाहीं. मजुरी किती बुडाली एवढेंच तो विचारतो, आणि वेदना, विद्रूपता, लेकराला दोन्ही हातांनीं उचलून घेण्याचें सुख यांचा भाव सांगण्याचें धाष्टर्य तो करीत नाहीं. शिवाय ठरलेला आंकडा हा दुबळ्याचा मोठाच आधार. इस्पितळांतून नुकत्याच उठलेल्या मजुराला आपल्या बोटाबद्दल मालकाशीं घासाघीस करावी लागत नाहीं.

परंतु कोष्टकाला धंदा दिसत नाहीं. तर्जनी गेलेला पहारेकरी उद्यां कामावर उभा राहील. हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्यानें काय करावें? सन १९७६ च्या निवाडेसंग्रहांत एका सुताराचा खटला आहे. कामावर पडल्यामुळें त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. हानि अंशतःच आहे, असें मालकाचें म्हणणें. सुतारकाम एका हातानें होत नाहीं, म्हणून ती पूर्ण आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें. येथें न्यायानें कोष्टकावरून नजर काढून माणसाकडे पाहिलें.

खरी अडचण तडजोडीची आहे. उभयपक्षीं झालेला करार आयुक्ताकडे नोंदवावा, आणि रक्कम अपुरी असेल किंवा ती दडपणानें पत्करविली असेल तर त्यानें नोंद नाकारावी, अशी १९२३ च्या कायद्यांत तरतूद होती. दोन सज्ञान माणसांच्या संमतीवर कायद्यानें असा अविश्वास कां दाखवावा? कारण नाहीं म्हणण्याची ऐपत ज्याला नाहीं त्याच्या होकाराला संमति म्हणणें कठीण. ज्याची चूल चार महिने थंड आहे, त्याला उद्यांच्या हजारापेक्षां आजचे शंभर मोठे वाटतात.

आणि रक्कम पुरी मिळाली तरी? पावतीवर ‘हिशेब चुकता’ असें लिहितात. मालकाच्या वहीपुरतें तें खरें आहे. पण त्याच कारखान्यांत झेपेल असें काम मागावयास तो मजूर पुन्हां दाराशीं आला, तर ती पावती त्याच्यापुढें धरण्याचा अधिकार मालकाला पोहोंचतो, असें आम्हांस वाटत नाहीं. कारण पावती बुडालेल्या मजुरीची आहे, आणि तो मागत आहे तें काम.