पेपर टाकण्याआधी

आधी कर्ज, मग राजीनामा. ठाण्याची नोकरी सोडून नाशिकला जायचं ठरवल्यापासून हाच क्रम मला सगळे सांगताहेत. भावाने सांगितला, ऑफिसातल्या मैत्रिणींनी सांगितला, आणि कर्जाची फाइल लावून देणारा एजंट तर म्हणाला, "मॅडम, डिस्बर्समेंट होईपर्यंत पेपर टाकू नका, बाकी मी बघतो." हे सांगताना एकानेही आवाज खाली केला नाही. यात झाकण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटतच नाही.

सल्ला व्यवहाराला धरूनच आहे. बँकेला पगारदार माणूस कळतो. अलीकडच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, खात्याचा उतारा आणि बरा सिबिल एवढ्यावर फाइल पुढे सरकते. नोकरी सोडली की बँकेच्या लेखी मी कुणीच नाही. नवऱ्याचा फोटोग्राफीचा व्यवसाय लग्नसराईत बरा चालतो, पावसाळ्यात कोरडा जातो, आणि त्याच्या रिटर्नमधले आकडे एवढ्या कर्जाला पुरणारे नाहीत. तेव्हा ५० लाखांच्या फ्लॅटसाठी ४० लाखांचं कर्ज उभं राहणार ते माझ्या स्लिपेवर. आणि ती स्लिप यायची बंद होणार आहे, हे बँक सोडून सगळ्यांना ठाऊक आहे.

अर्जातला एकही रकाना मी खोटा भरणार नाही. नोकरीत आहे, खरं. पगार इतका, तेही खरं. एचआरला फोन आला तर तिथूनही खरंच उत्तर जाईल. राजीनामा देणार आहात का, असा रकाना नाही. पण खाली सही करताना काही दडवलेलं नाही असं आपण लिहून देतो, आणि नोकरीत बदल झाला तर बँकेला कळवावं अशी अट कर्जाच्या करारांत सहसा असते. सगळी उत्तरं खरी देऊन समोरच्याची पुरती दिशाभूल करता येते, हे मला या अर्जाने दाखवलं.

माझ्या आत एक वकील बसलेला आहे, तो लगेच उठतो. नोकरी कुणाची कायम असते, तो विचारतो. २०२० मध्ये उत्तम स्लिपा असलेल्यांचेही पगार थांबले, आणि मार्च ते ऑगस्टचे हप्ते पुढे ढकलायची मुभा रिझर्व्ह बँकेला द्यावी लागली. शिवाय बँक काही भोळी नाही. एवढ्या रकमेच्या कर्जात घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांवर ती जात नाही, घर गहाण ठेवून घेते, आणि २००२ च्या सरफेसी कायद्याने तिला कोर्टाची पायरी न चढता ते विकायचा अधिकार आहे. तिची काळजी तू कशाला करतेस?

बराच वेळ मला याला उत्तर सुचलं नाही. मग लक्षात आलं, नोकरी जाणं आणि नोकरी सोडणं या दोन गोष्टी वकीलसाहेब एकाच पारड्यात टाकताहेत. उद्या काय होईल हे कुणालाच माहीत नसतं तेव्हा बँक आणि मी एकाच अंधारात असतो. इथे मला दिसतंय, तिला दिसत नाही, आणि दिसू नये अशी व्यवस्था मी करते आहे.

तरी खरं सांगायचं तर बँकेपाशी माझं मन फार अडत नाही. अडतं ते घरात. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी ४० लाख घेतले तर हप्ता येतो ३४,७०० रुपयांच्या आसपास. पहिल्या हप्त्यातले २८,००० हून जास्त नुसत्या व्याजात जातात. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत माझ्या क्वालिटीच्या कामाची माणसं लागतात, पण ठाण्याचा पगार तिथे मिळायचा नाही. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, पुढे ६० दिवसांची नोटीस. हे सगळं मला पाठ आहे. नवऱ्याने मात्र जेवताना विचारलं, "अगं, सहा महिने काहीच नाही मिळालं तर?" तेव्हा मी म्हणाले, "मिळेल रे." तो सहकर्जदार आहे. सहकर्जदार म्हणजे अर्ध्या कर्जाचा धनी नव्हे. माझं उत्पन्न थांबलं तर बँक सगळंच्या सगळं त्याच्याकडे मागू शकते. बँकेने जे विचारायला हवं होतं तेच त्याने विचारलं होतं, आणि मी त्यालाही एजंटच्याच सुरात गप्प केलं.

मुळात घर विकतच का घ्यायचं आहे? आईसाठी, असं मी सांगते. आई पंचवटीतल्या जुन्या वाड्यात एकटी आहे, जिने चढणं तिला जमत नाही. ऐकणारा मान डोलावतो. पण मी फ्लॅट बघितला तो पाथर्डी फाट्याला, पंचवटीपासून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. पंचवटीत, वाड्यापासून दोन गल्ल्यांवर तळमजल्याची भाड्याची जागा होती. अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिटही झेपणारं. ती मी आतून पाहिलीसुद्धा नाही. इतकी वर्षं मुंबईकडे नोकरी करून परत आली आणि भाड्याने राहते, हे नातेवाइकांच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती. लिफ्ट, वॉचमन, नावाची पाटी असलेलं घर असलं की परत येणं हरल्यासारखं दिसत नाही. आणि दुसरं, जरा जास्त बोचणारं: मला ही नोकरी नकोशी झाली आहे. आई नसती तरी मी सोडलीच असती. आईचं नाव पुढे केलं की कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही, इतकंच.

बायकांच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ५० लाखांवर ५०,००० रुपये वाचतात, हे मी हौसेने सगळ्यांना सांगत होते. कर्ज फेडणार कशातून, हे मात्र कुणाला सांगितलं नाही, कारण ते मी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

एजंटला मी फाइल थांबवायला सांगितली आहे. आधी नाशिकला नोकरी, तोवर भाड्याची जागा, मग तिथल्या पगारावर जेवढं मिळेल तेवढं कर्ज. ४० लाख मिळणार नाहीत, हे उघड आहे. पाथर्डी फाट्याचा तो फ्लॅट जाईल. एजंटने विचारलं, "मॅडम, काही प्रॉब्लेम झाला का?" मी म्हणाले, "नाही, जरा विचार बदलला." हा निर्णय सदसद्विवेकबुद्धीने घेतला असं इथे लिहायचा मोह होतो. निम्मा तरी तो ३४,७०० या आकड्याच्या धाकाने घेतलेला आहे. हप्ता वीस हजारांचा असता तर मी सही केली असती का? बहुतेक केली असती.