फितूर की साधक?

गेल्या दिवाळीत माझ्या भाचीने टॅरोच्या पत्त्यांचा कॅट आणला होता. फराळ झाल्यावर ती प्रत्येकाला एकेक पत्ता काढायला लावीत होती. माझ्या हाती बारावा पत्ता आला: एका पायाने उलटा टांगलेला माणूस. आई म्हणाली, "सणासुदीला हे कसले अभद्र चित्र!" भाची हसली. "आजी, हा वाईट पत्ता नाही. थांबून जगाकडे उलट्या बाजूने पाहायला शिकवतो तो." दोघींपैकी खरे कोणाचे, हा प्रश्न तेव्हापासून मनात घोळतो आहे.

हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत निघाले ते डाव खेळण्यासाठी, भविष्य पाहण्यासाठी नव्हे. आपल्या सावंतवाडीची 120 पत्त्यांची दशावतारी गंजिफा जसा खेळ, तसाच तोही. त्या काळच्या इटालियन माणसाला या चित्राचा अर्थ विचारावा लागत नसे. तिथल्या नगरराज्यांत फितुरांची आणि कर्जबुडव्यांची चित्रे सार्वजनिक इमारतींच्या भिंतींवर रंगवीत, आणि त्यांत पुष्कळदा माणूस असाच उलटा टांगलेला असे. अपराधी पळून गेला तरी त्याची अब्रू टांगता येई. फ्लॉरेन्समध्ये 1440 साली आन्द्रेआ देल कास्तान्यो या चित्रकाराने बंडखोरांची अशी चित्रे काढली आणि 'फाशी दिलेल्यांचा आन्द्रेइनो' हे टोपणनाव त्याला चिकटले. या पत्त्याचे एक जुने नावही 'फितूर' असेच होते. म्हणजे आईची पहिली प्रतिक्रिया त्या काळच्या इटलीला पटली असती.

पुढे 1781 साली कूर द जेबलँ या फ्रेंच पंडिताने पत्ताच फिरवला. त्याच्या मते हा माणूस म्हणजे विवेक. एक पाय उचलून, पुढचे पाऊल कुठे टाकावे याचा विचार करीत तो उभा आहे, छापणाऱ्याने त्याला चुकून उलटा केला! या तर्काला इतिहासाचा आधार नव्हता. मग 1909 साली लंडनमध्ये आर्थर एडवर्ड वेट यांच्या कल्पनेवरून पामेला कोलमन स्मिथ यांनी आज सर्वत्र दिसणारे चित्र काढले. त्यात टांगलेल्या माणसाच्या डोक्याभोवती तेजोवलय आहे, लाकडाला हिरवी पालवी आहे आणि चेहऱ्यावर वेदनेचा मागमूस नाही. गीतेच्या पंधराव्या अध्यायातला वर मुळे आणि खाली फांद्या असलेला अश्वत्थ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा अर्थ परका वाटणार नाही.

माणूस तोच, दोरी तीच. पण चारशे-साडेचारशे वर्षांत फितुराचा साधक झाला. वाचकहो, आपल्या सीमाभागात हे समजायला इटलीला जावे लागत नाही. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी पोराच्या नोकरीचा विचार करून त्याला कन्नड शाळेत घातले, तेव्हा इकडचे लोक त्यांना फितूर म्हणाले. त्यांनी दुकानावरची मराठी पाटी काढली नाही, म्हणून तिकडचेही तेच म्हणाले. आज पोरगा दोन्ही भाषांत लिहितो, तर त्याच गृहस्थांना लोक दूरदर्शी म्हणतात. मधल्या पंधरा वर्षांत त्यांनी काय सोसले, हे दोन्ही वेळा कोणी विचारले नाही.

म्हणून मला वाटते, नुसते तेजोवलय काढून प्रश्न सुटत नाही. शिव्या देणारा जसा त्या माणसाकडे पाहत नाही, तसा पूजा करणाराही पाहत नाही. घरातल्या सुनेला 'सोस, त्यातच पुण्य आहे' असे सांगणारेही दुसऱ्याच्या उलट्या टांगण्याला तेजोवलयच काढत असतात. या पत्त्यांची चित्रे काढणाऱ्या पामेलाबाईंना त्या मोठ्या कामाचा मोबदला फार थोडा मिळाला. पुढे कित्येक दशके तो कॅट प्रकाशकाच्या आणि वेट यांच्याच नावाने ओळखला गेला, आणि 1951 साली त्या कर्जातच वारल्या. त्यांच्या हलाखीला साधना म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

माझ्यापुरती मी एक कसोटी ठरवली आहे: दोरी कोणी बांधली? उपवास, मौन, वानप्रस्थ ही माणसाने स्वतः बांधून घेतलेली दोरी. तिथे थांबण्यातून दृष्टी येऊ शकते. दुसऱ्याने बांधली असेल तर ती शिक्षा, आणि पाहणाऱ्याचे पहिले काम ती सोडवण्याचे. कोणी म्हणेल, लादलेल्या दुःखातूनही माणसाला शहाणपण येतेच की. येते, पण ते सांगण्याचा हक्क ज्याने सोसले त्याचा. आपण ते त्याच्या वतीने सांगू लागलो की आपलीच सुटका करून घेतो.

यंदा भाची येईल तेव्हा तो पत्ता पुन्हा मागून घेणार आहे, आणि त्या गृहस्थांनाही फराळाला बोलावणार आहे. पंधरा वर्षे कशी गेली, हे त्यांच्याच तोंडून एकदा ऐकायचे आहे.