इंद्राने किती मागावं?

सोनगीरच्या आमच्या तांबट घरात दानाची गोष्ट निघाली की कर्णाचंच नाव यायचं. आजी अहिराणीत म्हणायची, "त्यानी बठ्ठं दी टाकं, म्हनीसनी तो कर्ण शे." मी आता पुण्यात एका प्रयोगशाळेत सोडियम-आयन बॅटरीच्या कॅथोडची पूड तपासतो. याच शहरात केपीआयटी कंपनीने आयसर या संशोधन संस्थेच्या साथीने विकसित केलेलं या बॅटरीचं तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं. सर्वस्व देणं हा धर्म आहे का, हा प्रश्न मला या पुडीपाशी पुन्हा भेटला.

निकेल, मँगनीज आणि ऑक्सिजनचे एकावर एक थर, आणि दोन थरांच्या मध्ये सोडियम, अशी तिची रचना. चार्ज करताना सोडियम बाहेर पडतो, बॅटरी वापरताना परत येतो. पण तो नुसता ये-जा करत नाही. थरांना जागच्या जागी धरून ठेवणाराही तोच. तो बराचसा निघून गेला की थर एकमेकांवरून घसरतात. निकेल-मँगनीजच्या एका परिचित मिश्रणात, साधारण ४.२ व्होल्टच्या वर, कणाचं आकारमान सुमारे २३ टक्क्यांनी आक्रसतं. सोडियम परतला की पुन्हा फुगतं. असं होत राहिलं की भेगा पडतात, भेगांतून इलेक्ट्रोलाइट आत शिरतं, मँगनीज विरघळू लागतं. ठोकून ठोकून कडक झालेलं तांबं वडील भट्टीत तापवून पुन्हा मऊ करत. बंद बॅटरीतल्या कणाला तसा ताव देता येत नाही.

मग देऊच नये? तेही खरं नाही. हीच पूड उघड्यावर ठेवली, तर हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड तिच्यातला सोडियम ओढून घेतात आणि पृष्ठभागावर सोडियम कार्बोनेट साचतं. काहीही न देता ती झिजते. आजीचं म्हणणं मी पूर्ण सोडू शकत नाही, ते यामुळेच.

उपाय आहेत. निकेलच्या काही जागी मॅग्नेशियम घालतात. ते विजेच्या देवघेवीत भाग घेत नाही, पण त्याच्यामुळे सोडियमचा काही वाटा आतच राहतो आणि थर टिकतात. क्षमता थोडी घटते, आयुष्य वाढतं. दुसरा उपाय म्हणजे चार्जिंग त्या ४.२ व्होल्टच्या अलीकडेच थांबवणं.

या दुसऱ्या उपायापाशी माझं मन अडतं. महाभारताच्या वनपर्वात इंद्र कर्णाचं कवच मागायला येणार असतो, तेव्हा सूर्य येतो तो कर्णाला सावध करायला. इंद्राला अडवायला कोणी जात नाही. किती द्यायचं, हा प्रश्न आपण शतकानुशतकं देणाऱ्यालाच विचारत आलो. कर्णाने कवच दिलं; ज्याचा स्वभावच देण्याचा, तो देणारच. पुडीलाही थांबता येत नाही, व्होल्टेज वाढवाल तितका सोडियम ती सोडत जाते. मर्यादा चार्ज करणाऱ्याने घालायची असते. म्हणून मला धर्माचा प्रश्न इंद्राला विचारायचा आहे: जे काढून घेतल्यावर समोरचा उभा राहू शकणार नाही, ते मागायचा अधिकार त्याला कोणी दिला?