ऋण, ऐपत आणि घर : एक धर्मविचार

कर्ज काढून घेतलेले घर हप्ते थकल्यामुळे लिलावात गेले तर त्यात दोष कोणाचा, हा प्रश्न वरवर पाहता कायद्याचा किंवा अर्थशास्त्राचा वाटला, तरी त्याच्या मुळाशी धर्मविचार आहे. येथे धर्म हा शब्द उपासनापद्धती या अर्थाने नव्हे, तर माणसांनी परस्परांशी कसे वागावे याचे नियमन या अर्थाने घ्यावयाचा आहे. नागपुरात हा प्रश्न बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर, नरसाळा, वाठोडा अशा शहराच्या कडेने पसरलेल्या वस्त्यांपर्यंत पोचला असून, तेथील सदनिका, रो-हाऊस आणि ले-आउटमधील प्लॉट यांचे तपशील स्थानिक दैनिकांतील ताबा-सूचनांत आणि लिलाव-सूचनांत वाचावयास मिळतात. अशा सूचनेवर समाजाचा निवाडा बहुधा एका वाक्यात संपतो : ऐपत नसताना कर्ज काढले, आता भोगावे लागत आहे. हा निवाडा भारतीय परंपरेतील ऋणविचारावर कितपत टिकतो, हे तपासून पाहणे आवश्यक आहे.

प्रथम व्यवहाराचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक काळ थकला की ते खाते ‘अनुत्पादक’ ठरते, आणि त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्यान्वये, म्हणजे तारण मालमत्तेवरील हक्क धनकोने स्वतः बजावण्यासंबंधीच्या कायद्यान्वये, बँक साठ दिवसांची मागणी-नोटीस देते. तेवढ्या मुदतीत थकबाकी न भरल्यास दिवाणी न्यायालयात न जाता बँकेला घराचा ताबा घेता येतो व त्यासाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांचे साहाय्य मागता येते. ऋणकोला या कारवाईविरुद्ध पंचेचाळीस दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो आणि असे न्यायाधिकरण नागपुरातही आहे. या अर्जासाठी मागणीच्या पंचाहत्तर टक्के रक्कम आधी भरण्याची मूळ कायद्यातील अट सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये मार्डिया केमिकल्स खटल्यात रद्द केली, मात्र कायदा वैध ठरवला. लिलावातून पूर्ण येणे वसूल झाले नाही, तर उरलेल्या रकमेसाठी बँकेचा दावा कायम राहतो, म्हणजे घर गेले तरी ऋण संपतेच असे नाही.

महाभारताच्या वनपर्वातील यक्षप्रश्नात सुखी कोण, या प्रश्नाला युधिष्ठिराने दिलेल्या उत्तरात दोन अटी येतात : जो ऋणमुक्त आहे आणि ज्याला घर सोडून परगावी राहावे लागत नाही, तो स्वतःच्या घरी साधी भाजी शिजवून खात असला तरी सुखी होय. या दोन अटी एकमेकींना पूरक आहेत असे त्या उत्तरात गृहीत आहे. परंतु भंडारा, गोंदिया, यवतमाळ किंवा चंद्रपूरहून नोकरीसाठी नागपुरात आलेल्या कुटुंबाच्या बाबतीत त्या परस्परविरोधी ठरतात, कारण शहरात भाडेकरूचे जिणे संपवून स्थिर व्हावयाचे तर वीस वर्षांचे ऋण पत्करावे लागते आणि ऋण टाळावयाचे तर स्थैर्य सोडावे लागते. म्हणून गृहकर्जाला सरसकट चैन म्हणता येत नाही. चार्वाकांच्या नावावर खपवले जाणारे ऋण काढून तूप पिण्याचे तत्त्वज्ञान उपभोगासंबंधी आहे. डोक्यावर छप्पर शोधणाऱ्याला ते लावणे ही विचाराची गफलत आहे.

तरीही ऐपतीचा प्रश्न त्यामुळे मिटत नाही, आणि त्याचे सर्वांत काटेकोर विवेचन बौद्ध परंपरेत आढळते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या शहरात धम्मदीक्षा दिली, त्या शहरात हे विवेचन परके नाही. अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथसंग्रहात अनाथपिंडिक या श्रेष्ठीला बुद्धाने गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत : संपत्ती असण्याचे, तिचा उपभोग घेण्याचे, ऋणमुक्तीचे आणि निर्दोष आचरणाचे. त्याच संग्रहात दीघजाणु या कोलीय गृहस्थाला ‘समजीविता’ हा गुण सांगितला आहे; समजीविता म्हणजे तराजू धरणाऱ्याप्रमाणे आय आणि व्यय यांचा तोल जाणून जगणे. विशेष असे की, तेथे अल्प मिळकतीवर थाटाने राहणारा जसा दोषी ठरतो, तसाच मोठी मिळकत असून कष्टी जगणाराही ठरतो; म्हणजे समजीविता ही काटकसरीची स्तुती नसून प्रमाणाची जाणीव आहे. याच निकायातील इणसुत्तात दारिद्र्य, ऋण, व्याज, तगादा, पाठलाग आणि बंधन अशी दुःखांची चढती मालिका मांडली आहे. मागणी-नोटीस, वसुली प्रतिनिधींच्या फेऱ्या आणि ताबा या आजच्या पायऱ्या त्या मालिकेशी इतक्या जुळतात की, काळ बदलला तरी ऋणाची गती फारशी बदललेली नाही असे म्हणावे लागते. त्या मालिकेची सुरुवात चैनीपासून नव्हे, तर दारिद्र्यापासून होते, हेही दृष्टीआड करता येणार नाही.

समजीवितेसाठी आय आणि व्यय दोन्ही आधी ठाऊक असावे लागतात. आजच्या गृहकर्जात व्ययाचा आकडाच अस्थिर असतो. २०२१ च्या सुमारास ६.७० टक्के दराने वीस वर्षांसाठी तीस लाखांचे कर्ज घेतल्यास मासिक हप्ता सुमारे २२,७०० रुपये येत असे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, एकूण अडीच टक्क्यांनी वाढवला. ती वाढ पूर्णपणे ऋणकोवर आली, तर तीस लाखांवर केवळ व्याजच महिना २३,००० रुपये होते, आणि जुन्याच हप्त्यातून मुद्दल फिटण्यास काहीच उरत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण अंथरुणाची लांबी कायम राहते असे गृहीत धरते. बदलत्या दराच्या कर्जात पाय पसरल्यानंतर अंथरूण आखडते. ज्याने २०२१ मध्ये प्रामाणिकपणे हिशेब केला, त्याचाही हिशेब २०२३ मध्ये चुकू शकतो, आणि अशा चुकीला लोभ म्हणणे न्यायाचे नाही. त्यातच गुंठेवारीच्या, म्हणजे रीतसर मंजुरी न घेता पाडलेल्या ले-आउटमधील प्लॉटधारकाला नियमितीकरणासाठी नागपूर सुधार प्रन्यासाकडे विकास शुल्क भरावे लागते, आणि हा खर्च पुष्कळदा मूळ हिशेबात धरलेलाच नसतो.

येथे धर्मशास्त्राची दुसरी बाजू पुढे येते. मनुस्मृतीने वादाचे अठरा विषय मोजताना ऋणादानाला, म्हणजे कर्जाच्या देण्याघेण्याला, पहिले स्थान दिले. धनकोला स्वतःहून वसुली करण्याची मुभाही दिली, त्यामुळे न्यायालयाबाहेरची वसुली ही २००२ ची नवलाई नव्हे. परंतु त्याच व्यवस्थेने धनकोवर मर्यादा घातली : एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू नये. दामदुपट या नावाने ओळखला जाणारा हा नियम ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही हिंदू ऋणकोंच्या बाबतीत मान्य केला होता. मात्र हा नियम एकदम वसूल होणाऱ्या व्याजाला लागू होता, वेळोवेळी चुकत्या होणाऱ्या व्याजाला नव्हे; त्यामुळे आजची हप्तेपद्धती त्याच्या कक्षेबाहेर राहते. तीस लाखांच्या कर्जावर साडेआठ टक्के दराने वीस वर्षांत सुमारे साडेबत्तीस लाख रुपये व्याज जाते, म्हणजे दामदुपटीचे शब्द मोडत नाहीत, पण तिचा हेतू मात्र मागे पडतो. प्राचीन नियम जसाच्या तसा परत आणावा, असा याचा अर्थ नाही, कारण दीर्घ मुदतीशिवाय सामान्य पगारदाराला घरच मिळणार नाही. अर्थ एवढाच की, परंपरेने संयमाची अपेक्षा ऋणको आणि धनको दोघांकडूनही केली होती.

वारकरी परंपरेत धनकोच्या संयमाचा आदर्श तुकारामांच्या चरित्रात जपला आहे. महाजनकीच्या घराण्यातील तुकारामांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली आणि भावाच्या वाट्याची त्याच्या स्वाधीन केली, असे परंपरा सांगते. या कथेतील दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, कारण दुसऱ्याच्या धनावर औदार्य करण्याचा अधिकार कोणालाही नाही हे तत्त्व त्यात आहे. बँकेकडील पैसा ठेवीदारांचा असतो. तो बुडवला तर कोणा निवृत्त शिक्षकाची किंवा विधवेची ठेव अडचणीत येऊ शकते. म्हणून सरसकट माफी हा येथे धर्म ठरत नाही.

विदर्भात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. शेतीकर्जाच्या थकबाकीकडे समाज आपत्ती म्हणून पाहतो आणि सरफेसी कायदाही शेतजमिनीला आपल्या कक्षेतून वगळतो; घराच्या थकबाकीकडे मात्र दोष म्हणून पाहिले जाते. गावाकडची शेती विकून नागपुरातील सदनिकेसाठी पहिली रक्कम भरणारे कुटुंब कायद्याने सांभाळलेली मालमत्ता देऊन लिलावात जाऊ शकणारी मालमत्ता घेत असते, आणि तिच्याबरोबर समाजाची सहानुभूतीही गमावून बसते. ऋण तेच आणि ऋणकोही पुष्कळदा त्याच घरातला असताना केवळ तारणाचा प्रकार बदलल्याने नैतिक निवाडा बदलावा, याला तात्त्विक आधार नाही.

या सर्व विचारातून निघणारा निष्कर्ष असा की, समजीविता हा उभयपक्षी धर्म आहे. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने, बदलत्या दराचे कर्ज मंजूर करतानाच पुढे हप्ता किंवा मुदत वाढल्यास ऋणकोला ती वाढ पेलता येईल इतकी जागा शिल्लक आहे का हे तपासण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्या संस्थांवर टाकली आहे. जी संस्था हे तपासत नाही, तिला ऋणकोच्या हावरेपणावर बोट ठेवण्याचा नैतिक अधिकार उरत नाही. त्याचप्रमाणे जे कुटुंब दोन खोल्यांची गरज असताना प्रतिष्ठेपायी चार खोल्यांचे ऋण उचलते, त्याला दरवाढीची सबब पुरी पडत नाही. घर घेणाऱ्याने आजच्या दराने नव्हे, तर त्याहून अडीच टक्के अधिक दराने हप्ता मोजावा, आणि तो पेलत नसेल तर घर लहान घ्यावे. हप्ता चुकलाच तर लाजेने नोटीस दडवून न ठेवता साठ दिवसांची मुदत सरण्याआधी बँकेशी बोलावे, कारण २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची सूचना प्रसिद्ध होताच थकबाकी भरून घर सोडवण्याचा हक्क संपुष्टात येतो. आणि शेजाऱ्याच्या घरावर ताबा-सूचना चिकटलेली दिसली, तर निवाडा देण्याची घाई न करता त्याला नागपूरच्या न्यायाधिकरणाचा रस्ता दाखवावा.