आम्ही आणि आपण

माझा थोरला भाऊ फोनवर फार थोडे बोलतो. माण तालुक्यातल्या आमच्या गावी तो शेती करतो. मी १९८५ पासून अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स नावाच्या विद्यापीठाच्या गावी राहतो. ४ एप्रिल २०२२ च्या रात्री मी त्याला फोन केला. तिकडे पाच तारखेची सकाळ होऊन नऊ वाजून गेले होते. पाडवा नुकताच झाला होता. मी जवळजवळ ओरडलोच, "दादा, आम्ही जिंकलो!"

पलीकडे क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, "आम्ही म्हंजी कोण रं?"

मी सांगितले. इथल्या विद्यापीठाचा बास्केटबॉलचा संघ. न्यू ऑर्लिन्स शहरी अंतिम सामना होता. मध्यंतराला आमचे २५ गुण आणि नॉर्थ कॅरोलायनाचे ४०. सगळे संपल्यात जमा होते. तिथून पोरांनी सामना फिरवला आणि ७२ विरुद्ध ६९ असा जिंकला. दादाने सारे ऐकून घेतले आणि विचारले, "आन् तू काय करत हुतास?"

"बघत होतो."

"तितं जाऊन?"

"नाही, घरी. टीव्हीवर."

"बरं. जेवलास का?"

वाचकांना हा प्रसंग गमतीचा वाटेल. मलाही त्या रात्री हसू आले. पण फोन ठेवल्यावर ते हसू ओसरले आणि मागे एक प्रश्न राहिला, तो अजून पुरता सुटलेला नाही.

इंग्रजी भाषेला 'आम्ही' आणि 'आपण' यांतला भेद ठाऊक नाही. तिथे एकच शब्द दोन्हीकडे चालतो. मराठीत मात्र बोलणाऱ्याला तोंड उघडतानाच ठरवावे लागते की समोरचा माणूस आत आहे की बाहेर. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा उंबऱ्याबाहेर उभा राहतो. 'आपण' म्हटले की तो आत येऊन बसतो. व्याकरणाच्या दृष्टीने त्या रात्री माझे काहीच चुकले नव्हते. दादाचा आणि त्या संघाचा काय संबंध? 'आम्ही' हेच बरोबर. आणि तेच मला बोचत होते.

आता पहिला प्रश्न असा की, नुसत्या बघणाऱ्याला 'जिंकलो' म्हणण्याचा हक्क तरी आहे काय? घाम दुसऱ्याचा, गुडघे दुसऱ्याचे, आणि छाती मात्र आपली फुगते. विचारी माणूस म्हणेल, हा उसना पराक्रम आहे. ज्याच्या पदरी स्वतःचे काही नाही तो दुसऱ्याचे यश अंगावर पांघरतो. हे म्हणणे खोडून काढणे सोपे नाही. तरी पण मी ज्या गावात राहतो तिथे ते पुरेसे वाटत नाही.

लॉरेन्समध्ये बास्केटबॉल हा खेळ राहिलेला नाही, तो कुळाचार झाला आहे. हा खेळ ज्याने काढला तो जेम्स नेस्मिथ १८९८ साली या विद्यापीठात नोकरीला आला. लहानपणीच त्याचे आईबाप गेले होते. चुलत्या-मामांच्या आधाराने, शेतात आणि जंगलतोडीवर राबून तो वाढला. १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्ड येथे त्याने पीचच्या फळांच्या टोपल्या सज्जाला अडकवून हा खेळ सुरू केला. पुढे इथल्या संघाला त्याने शिकवले. त्यात ५५ सामने जिंकले आणि ६० हरले. या विद्यापीठाच्या इतिहासात जिंकण्यापेक्षा हरलेला अधिक असा तो एकच प्रशिक्षक, आणि तोच खेळाचा जनक! मला ही गोष्ट फार आवडते.

मी इथे आलो त्या वर्षी माझ्या शेजारी एक साठीचे गृहस्थ राहत. राज्याच्या पश्चिम टोकाची शेती विकून ते लॉरेन्सला आले होते. ऑक्टोबरात एकदा त्यांनी मला मोटारीतून गावाबाहेर फिरायला नेले. रस्त्याच्या कडेला विटकरी-लाल कणसांचे बुटके पीक वाऱ्यावर डुलत होते. मी म्हणालो, "ही तर ज्वारी!" ते म्हणाले, "मायलो."

तो शब्द ऐकून माझ्या पोटात काही तरी हलले. आमच्याकडे त्याला 'मिलो' म्हणत. १९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. रानात पेरलेले उगवले नव्हते, विहिरींचे तळ दिसत होते, आणि रेशनच्या दुकानात अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी मिळे. तिची भाकरी थापताना तुटे, खाताना घशात अडके. बायका म्हणत, हे ढोरांचे खाणे. आम्ही नाक मुरडून खात असू आणि आणखी मागत असू. नववीत शिकणारा दादा शाळा सोडून दुष्काळी कामावर खडी फोडू लागला. कामावर पोरांना सुकडी वाटत. ती तो स्वतः न खाता कागदात बांधून माझ्यासाठी आणी.

हे सारे मी त्या शेजाऱ्यांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितले. बायका ते ढोरांचे खाणे म्हणत, हेही सांगून टाकले. ते बराच वेळ गप्प राहिले. इथे ते पीक खरोखरच गुराढोरांना घालतात, हे मला मागाहून कळले. मग ते म्हणाले, "लहानपणी मीही सरकारने वाटलेले डबाबंद मांस खाल्ले आहे." १९३५ साली, एप्रिलच्या १४ तारखेला भरदिवसा काळोख करणारे जे धुळीचे वादळ आले, ते त्यांनी लहान असताना पाहिले होते. त्यांची आई खिडक्यांना ओल्या चादरी लावी. तरी सकाळी उशीवर डोक्यापुरतीच जागा पांढरी राही. पीक नाही, पैसा नाही. रेडिओवर विद्यापीठाचा सामना लागला म्हणजे मात्र घरचे सगळे त्या पेटीभोवती बसत, आणि त्या घटकेपुरते, त्यांच्या शब्दांत, "आमच्याजवळही काही तरी असे."

त्या हिवाळ्यात आपल्या वारलेल्या पत्नीच्या जागेचे तिकीट त्यांनी मला दिले. ॲलन फील्डहाउस हे १९५५ साली उघडलेले क्रीडागृह. आत हजारो माणसे बसतात. प्रतिपक्षाच्या खेळाडूंची नावे पुकारली जात असताना इथले विद्यार्थी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून वाचण्याचे सोंग करतात : तुम्ही आम्हाला दिसतसुद्धा नाही! सामना जिंकला की तेच हजारो हात डोक्यावर उंच जातात आणि हळूहळू डावी-उजवीकडे झुलतात. वाऱ्यावर झुलणारा गहू. माझ्या शेजारी तो म्हातारा शेतकरी हात वर करून झुलत होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होते. मीही हात वर केले. माझ्या हातांत गहू नव्हता, ज्वारी होती. पण उसने काही घेतोय असे मला तेव्हा वाटले नाही.

म्हणून मी म्हणतो की पराक्रम उसना असला तरी सोबत खरी असते. गरिबाला पहिली उणीव भासते ती भाकरीची, हे खरेच. पण दुसरी उणीव असते ती चारचौघांत अभिमानाने सांगण्यासारखे काही असण्याची. ती भागवणारा आनंद खोटा म्हणण्याचा अधिकार पोट भरलेल्यांनी घेऊ नये.

परंतु एवढ्यावर थांबलो तर ती लबाडी होईल. कारण 'आपला' म्हणण्यात एक मोठी सोयही असते.

आमच्या गावात एक पैलवान होता. गावकुसाबाहेरच्या वस्तीत त्याचे घर. यात्रेच्या आखाड्यात तो समोरच्याला चीत करी तेव्हा गाव त्याला खांद्यावर घेई, फेटा बांधी, आणि जो तो म्हणे, "आपण कुस्ती मारली." दुसऱ्या दिवशी त्याची आई विहिरीपाशी घागर घेऊन उभी राही. कोणी तरी वरून पाणी ओतीपर्यंत तिला थांबावे लागे. मी हे ऐकलेले नाही, पाहिलेले आहे. माझ्या आईने तसे पाणी ओतलेले पाहिले आहे. आणि त्यात काही वावगे आहे असे त्या वयात मला वाटले नाही, हेही सांगितले पाहिजे.

लॉरेन्सलाही असा एक पैलवान होऊन गेला. विल्ट चेंबरलेन १९५५ साली फिलाडेल्फियाहून इथे शिकायला आला. सात फुटांहून उंच, काळा, असामान्य खेळाडू. सारे गाव त्याला 'आपला' म्हणे. आणि गावातल्या कित्येक खाणावळींत त्या काळी काळ्या माणसाला बसू देत नसत. चेंबरलेन सरळ आत जाऊन बसे, आणि वाढल्याशिवाय उठत नसे. १९५७ च्या अंतिम सामन्यात तीनदा जादा वेळ देऊन कॅन्सस ५४ विरुद्ध ५३ असे एका गुणाने हरले. त्या पराभवाचे ओझे तो चाळीस वर्षे वागवीत राहिला. १७ जानेवारी १९९८ रोजी तो परत आला तेव्हा सारे क्रीडागृह उभे राहून टाळ्या वाजवीत होते. मीही उभा होतो. टाळ्या वाजवता वाजवता माझ्या मनात आले, हरल्याचे ओझे याने एकट्याने वाहिले. मग आपण इतकी वर्षे काय वाहत होतो?

हाच प्रश्न पैशाचाही आहे. तिकिटे विकली जात होती, दूरदर्शनचे करार होत होते, आणि आमच्या त्या लाडक्या पोरांना शिष्यवृत्तीपलीकडे काही घेण्याची बंदी होती. १ जुलै २०२१ पासून त्यांना आपल्या नावावर पैसे मिळवण्याची मुभा मिळाली, आणि १ जुलै २०२५ पासून विद्यापीठे त्यांना उत्पन्नातला वाटा देऊ शकतात. यामुळे खेळातला गोडवा गेला अशी तक्रार माझे काही मित्र करतात. तो गोडवा कोणाच्या खर्चाने आला होता, हे ते विचारीत नाहीत.

तेव्हा 'आपण' या शब्दाची परीक्षा आखाड्यात होत नाही. ती विहिरीवर होते, खाणावळीत होते, हिशेबाच्या वहीत होते. जिथे आपले काही जाणार असते तिथे जो 'आपण' म्हणतो, त्याचा आखाड्यातला 'आपण'ही खरा मानावा. बाकीच्यांचा तो तोंडी 'आपण' आणि मनात 'आम्ही'.

ही परीक्षा दुसऱ्यांची घेऊन झाल्यावर माझी घेणे भाग आहे. १९७८ साली मी दहावीला बसलो. निकाल आणायला दादा दहिवडीला चालत गेला. संध्याकाळी परत आला, अंगणात वडील बसले होते, त्यांना म्हणाला, "आपण पास झालो." खडी फोडून ज्याने माझ्या वह्या घेतल्या त्याच्या तोंडी तो शब्द शोभत होता. त्याने घातले होते, म्हणून तो 'आपण' म्हणाला. आणि पुढे मी? पदवी झाली, परदेश झाला, घर झाले, मुले शिकली. दर वेळी दादाला कळवले. पैसेही पाठवले ; पण मोजून पाठवले. "इकडे ये" असे दोन-चारदा म्हटले, ते त्याने येऊ नये अशाच आवाजात म्हटले. मागे वळून पाहतो तर त्याला सांगितलेली प्रत्येक सुखाची बातमी 'आम्ही'पासून सुरू होते. त्या एप्रिलच्या सकाळी त्याने विचारले ते बास्केटबॉलपुरते नव्हते, असे मला वाटते. किंवा त्याने बास्केटबॉलपुरतेच विचारले असेल, आणि ऐकणारा चोर मी होतो.

त्या हिवाळ्यापासून मी त्याला दर आठवड्याला फोन करू लागलो. मी त्याला सामने सांगे. तो मला मालदांडीची पेरणी सांगे, हुरडा सांगे, काढणीला माणसे मिळत नाहीत ते सांगे. टोपली किती उंच असते, बाहेरून टाकलेल्याला तीन गुण का, हे त्याने मन लावून विचारून घेतले. त्याच्या ज्वारीचा भाव मीही तसाच मन लावून विचारू लागलो.

१८ मार्च २०२३ ला आमचा संघ दुसऱ्याच फेरीत आर्कान्सॉकडून ७२ विरुद्ध ७१ असा हरला. दुसऱ्या दिवशी फोन करायला माझा हात धजेना. शेवटी दादाचाच आला.

"काय झालं आपल्या पोरांचं?"

"हरलो, दादा."

"आपण?"

"हो, आपण."

"कितीनं?"

"एका गुणानं."

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "व्हतंय आसं. फुडल्या साली बघू." आणि नेहमीप्रमाणे जेवलास का विचारले.